खळ्यातली गंगा

"पप्पा, ते आपलं जमिनीतून उडायचं पानी हाय ना, ते सृष्टीला दाखवा," आरोही जेवताना म्हणाली, आणि भागवतने तोंडातला घास न गिळताच "दाखवू की" म्हणून टाकलं.

भागवतचं सगळं आयुष्य असंच चाललं होतं. आधी हो म्हणायचं आणि मग आपण कशाला हो म्हटलं ते शोधत हिंडायचं. लग्नाच्या वेळीही असंच झालं, असं त्याची बायको सुकन्या सांगायची. पण तो विषय वेगळा आहे आणि तो इथे काढून कुणाचंच भलं होणार नाही.

झालं होतं असं. भागवतच्या बहिणीची मुलगी सृष्टी उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याहून हिंगोलीकडच्या पुसेगावला आली होती. वय सात वर्षं, बोलणं सत्तर वर्षांचं. आल्या आल्या तिने मोबाइलवर आरोहीला आपल्या सोसायटीचा व्हिडिओ दाखवला. गुळगुळीत फरशी, फरशीला बारीक भोकं, आणि त्या भोकांतून पाणी एकदम वर उसळतंय. पोरं त्यात नाचतायत. पाणी मध्येच गायब होतंय आणि भलत्याच भोकातून निघतंय. "याला स्प्लॅश पॅड म्हणतात," सृष्टी म्हणाली. "तुमच्याकडे नाहीये ना?" साडेचार वर्षांच्या आरोहीने अंगणाकडे पाहिलं. अंगणात एक शेळी, एक बाज आणि एक रिकामा ड्रम होता. "हाय," ती म्हणाली. "पप्पाला माहीत हाय कुठं ते."

नवरा हात धूत असताना सुकन्याने त्याला हा सगळा प्रकार सांगितला तेव्हा भागवतच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"आधी इचारावं, मग व्हय म्हनावं," सुकन्या म्हणाली. "आता रविवारी सृष्टी जाईल, अन् आपलं लेकरू खोटं पडंल."

भागवतला खरी भीती वेगळीच होती. लेकरू खोटं पडलं तर ते दोन दिवसांत विसरेल. पण पप्पाला माहीत नाही अशी एखादी गोष्ट जगात असू शकते, हे आरोहीला अजून कळलेलं नव्हतं. ते कधीतरी कळणारच होतं, पण या उन्हाळ्यात कळू नये एवढीच त्याची इच्छा होती.

त्याने मोबाइलवर शोधलं. लहान मुलांना पाण्यात खेळायची जवळची जागा विचारल्यावर मोबाइलने बराच वेळ विचार केला आणि पिण्याच्या पाण्याचे जार विकणारा एक माणूस, एक टँकरवाला आणि एक वॉशिंग सेंटर दाखवलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणून भागवतने वॉशिंग सेंटरला फोन लावला.

"पानी जोरात उडतं का हो तुमच्याकडं?"

"एकदम जोरात. गाडी कोनती हाय?"

"गाडी न्हाई. दोन पोरी हायेत."

पलीकडून फोन कट झाला.

मग कुणीतरी सांगितलं की हिंगोलीत एका बागेत कारंजं आहे. दुसऱ्या दिवशी भागवतने दोन्ही पोरींना मोटरसायकलवर बसवलं, टॉवेल घेतले आणि उन्हातान्हात हिंगोली गाठली. कारंजं होतं. चांगलं गोल, निळ्या फरशीचं, मधोमध दगडी कमळ असलेलं. त्यात शेजारच्या भेळवाल्याची पोती, दोन मोडक्या खुर्च्या आणि एक झोपलेलं कुत्रं एवढं होतं. पाणी तेवढं नव्हतं.

"हे चालू कधी असतं?" भागवतने वॉचमनला विचारलं.

"उद्घाटनाच्या दिवशी चालू होतं की. लई मस्त उडालं. लायटिंग बी होती."

"आता कधी होईल?"

वॉचमनने प्रामाणिकपणे विचार केला. "पुन्हा उद्घाटन झालं की होईल."

सृष्टी कठड्यावर उभी राहून कुत्र्याकडे बघत होती. "आरोही, हेच का तुमचं?" तिने विचारलं.

"न्हाई," आरोही ठामपणे म्हणाली. "आमचं चालू असतं."

घरी परत येताना भागवतला एकदम आठवलं. कनेरगाव नाक्याच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला, पाण्याच्या मोठ्या पाइपलाइनचा एक व्हॉल्व्ह होता. तो कैक वर्षं फुटका होता. त्यातून पाण्याचा असा फवारा उडायचा की ट्रकवाले गाड्या थांबवून अंघोळी करायचे. जमिनीतून उडणारं पाणी म्हणजे दुसरं काय असतं? त्या रात्री तो शांत झोपला.

दुसऱ्या दिवशी तो पोरींना घेऊन तिथे पोचला तेव्हा व्हॉल्व्हच्या जागी नवं कोरं लोखंडी झाकण होतं. भोवतीचा चिखल वाळून त्याच्या पापड्या सुटल्या होत्या. बाजूच्या बाभळीखाली मसाजी नावाचा मेंढपाळ डोक्याला हात लावून बसला होता आणि त्याची मेंढरं झाकणाला नाक लावून उभी होती.

"कधी नीट केलं हे?" भागवतने खचलेल्या आवाजात विचारलं.

"मागच्या महिन्यात," मसाजी म्हणाला. "इतकी वर्सं माझी मेंढरं इथं पानी पीत होती. कोनाला काही तकलीफ न्हवती. कोन्या दळभद्र्यानं तक्रार केली देवाला माहीत. त्याच्या तोंडात माती पडो."

"पडो," भागवत म्हणाला. "लई वाईट लोक असतात."

"घावला पायजे एकदा मला."

"बराबर हाय तुमचं."

"पप्पा," आरोही मध्येच म्हणाली, "तुमीच तर केली होती ना तक्रार? पेपरात फोटो आला होता तुमचा. आबानं भिंतीला चिकटवलाय."

हे खरं होतं. एका मोठ्या साहेबांच्या बैठकीत भागवत उभा राहिला होता आणि पाण्याच्या नासाडीवर तळमळून बोलला होता. आयुष्यात त्याने केलेलं हे एकमेव सार्वजनिक काम, आणि कुणी मनावर घेईल असं त्याला वाटलं नसतानाही ते पूर्ण झालं होतं. मसाजी हळूहळू उठला. त्याच्या हातातली काठी बरीच लांब होती. भागवतने मोटरसायकलला किक मारली ती पुसेगाव येईपर्यंत मागे वळून पाहिलं नाही.

आता दोनच दिवस हातात होते. भागवत गोठ्यामागे उकिरड्याजवळ जाऊन बसला आणि तिथे त्याला पीव्हीसीचे पाइप दिसले. मागच्या वर्षी पाइपलाइन टाकताना उरलेले. पाइप दिसले आणि त्याचं डोकं चालायला लागलं. भागवतचं डोकं चालायला लागलं की सुकन्या काळजीत पडायची, पण या वेळी त्याने तिलाही सांगितलं नाही.

शेतात हळद वाळवायचं खळं होतं. चोपून सपाट केलेली जागा, फरशीला मागे सारेल अशी. हळद विकून झाली होती आणि खळं मोकळं पडलं होतं. भागवतने पाइपांना तापलेल्या खिळ्याने भोकं पाडली, खळ्यात गोल चर खणून ते पुरले, वरून मुरूम पसरला आणि टोक विहिरीच्या पाइपलाइनला जोडून दिलं. वरून बघणाऱ्याला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. त्या आठवड्यात शेतीची लाइट दुपारी बाराला येत होती. मोटारीच्या स्टार्टरला ऑटो लावलेला होता, म्हणजे लाइट आली की मोटार आपोआप सुरू. शुक्रवारी बाराच्या ठोक्याला पोरींना खळ्यात उभं करायचं आणि गंमत बघायची, असा बेत होता.

हे सगळं गुपचूप करायला कारण होतं, आणि त्या कारणाचं नाव रामकिशन. भागवतचे वडील. घरात सगळे त्यांना आबा म्हणत. आबा मे महिन्यात घरच्यांना तोंडसुद्धा लिंबाच्या आळ्यात धुवायला लावायचे. विहिरीचं पाणी पोरींच्या नाचायला सोडलंय हे कळलं असतं तर त्यांनी भागवतलाच विहिरीत सोडलं असतं.

त्या खळ्याशी आबांचं आणखी एक जुनं दुखणं होतं. काही वर्षांपूर्वी आबांनी एक पाणाड्या आणला होता. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून सगळं शेत फिरला, आणि बरोबर खळ्यात नारळ उभा राहिला. "इथं गंगा हाय," पाणाड्या म्हणाला. आबांनी बोअर घेतलं. गंगा आली नाही, नुसता फुफाटा उडाला, आणि तो बांधापलीकडे उभ्या असलेल्या अमृतरावांच्या पांढऱ्या सदऱ्यावर जाऊन बसला. तेव्हापासून शेजारी अमृतराव रोज बांधावरून एकच प्रश्न विचारायचे. "रामकिशन, बादली आणू का?"  तो ऐकला की आबांना भाकर जायची नाही.

लाइट न सांगता जाते हे सगळ्या जगाला माहीत आहे. ती न सांगता येतेही, हे भागवत विसरला. शुक्रवारी ती सकाळी आठलाच आली.

त्या वेळी शेतात कुणी नव्हतं. फक्त अमृतरावांच्या पत्नी पद्माबाई बांधाने चालल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांदेखत कोरड्या ठाक खळ्यातून, पाणाड्याने सांगितलेल्या बरोबर त्याच जागी, पाण्याच्या धारा वर उसळल्या. पद्माबाईंनी डोक्यावरची पाटी खाली ठेवली, हात जोडले आणि गावाकडे धूम ठोकली.

लाइट आल्याचं कळताच भागवत पोरींना घेऊन धावत पोचला, तेव्हा अर्धं गाव खळ्याभोवती जमलं होतं. सृष्टी पुण्याच्या पोहायच्या ड्रेसमध्ये होती, आरोही जुन्या फ्रॉकमध्ये. बायकांनी हळदकुंकू वाहिलं होतं. उदबत्त्या लागल्या होत्या. तीन नारळ फुटले होते आणि चौथा अमृतरावांच्या हातात होता. मधोमध आबा उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"आबा, अहो, हे तर..." भागवतने सुरुवात केली.

"रामकिशन," अमृतरावांनी नारळ फोडला आणि हात जोडले, "चुकलं माझं. लई हसलो मी तुला. पानाड्या खरा होता."

भागवतने आपल्या वडिलांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. आई गेली तेव्हाही ते नुसते ओट्यावर बसून राहिले होते. त्याने उरलेलं वाक्य गिळलं. ते फार कडू होतं.

"मामा, स्प्लॅश पॅड!" सृष्टी ओरडली आणि आरोहीचा हात धरून पळत सुटली. पद्माबाईंनी दोघींना मधेच पकडलं.

"पाय लावू नको माय. गंगा हाय ती."

"अहो आजी, यात पायच लावायचे असतात," सृष्टीने त्यांना समजावलं.

"पुन्यात असतील. इथं न्हाई."

 आरोही नुसती भागवतकडे बघत राहिली. तिच्या मागे हवं तसं, जमिनीतून, गोल फिरत, उंच उडणारं पाणी होतं, आणि तिला त्यात जाता येत नव्हतं, आणि पप्पा गप्प उभे होते. भागवतला वाटलं, मसाजीची काठी पाठीत बसली असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात लाइट गेली. धारा बुटक्या झाल्या, बुडबुडल्या आणि थांबल्या.  कुणाचा विटाळ झाला, कुणाची चप्पल आत गेली, अशी कुजबुज सुरू झाली.

"इसावा घेऊन राहिली," आबा गंभीरपणे म्हणाले. "येईल परत. घरी जा सगळे."

गर्दी पांगली. पोरी रुसून सुकन्याकडे निघून गेल्या. आबांनी डोळे पुसले, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "गोठ्यामागचे पाइप कुठं हायेत रे?"

भागवतने मुरुमाकडे पाहिलं. "तुमाला कधी कळलं?"

"पद्माबाईनं सांगितलं तवाच. मेलेलं बोअर लाइटीसंगं जित्तं व्हतं का कुठं?"

"मग रडून काहून राहिले होते?"

"अमृत्या हात जोडून उभा होता ना माझ्याम्होरं," आबा म्हणाले, आणि त्यांचे डोळे पुन्हा भरून आले. "इतक्या वर्सांनी."

"आबा, रविवारी सृष्टी जाती. पोरींना एकदा खेळू द्या. आरोही सकाळपासून एक शब्द बोलली न्हाई माझ्यासंगं."

"खबरदार. पोरी नाचल्या का मुरूम सरकतो. मुरूम सरकला का पाइप उघडा पडतो. पाइप दिसला का तो अमृत्या मला तिरडीवर बी इचारंल, बादली आणू का म्हनून."

संध्याकाळी पुन्हा लाइट आली आणि पुन्हा गंगा आली. पुन्हा माणसं जमली, कारण एव्हाना शेजारच्या गावांतही बातमी गेली होती. आरोही या वेळी सरळ पाण्याकडे निघाली. आबांनी तिला उचललं तशी तिने भोकाड पसरलं. सगळं गाव बघत होतं. काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून आबांनी तिथल्या तिथे एक रीत काढली.

"रडू नको माय. नव्या पान्यात पयली घरची कुमारिकाच उतरती. तिचे पाय लागल्याबगर पानी टिकतच न्हाई. तूच उतरनार. पन मुहूर्त सोमवारचा हाय."

"सोमवारी मी नसणार," सृष्टी म्हणाली.

"मग काय करता, मुहूर्त हाय," आबा म्हणाले. म्हाताऱ्या बायकांनी माना डोलावल्या. अशी रीत त्यांच्या माहेरी होती, असंही दोघीतिघींना आठवलं. अमृतरावांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि ते घरी गेले. भक्तांचा धीर सुटू नये म्हणून आबांनी मोटार लाइट जाईपर्यंत चालू ठेवली.

शनिवारी सकाळी बांधापलीकडे घरघर ऐकू आली. अमृतरावांनी बोअरची गाडी बोलावली होती. खळ्यात गंगा आहे तर तिची एखादी धार आपल्याकडेही येत असणार, असा त्यांचा साधा हिशोब होता. गाडी त्यांनी अगदी बांधाला लागून उभी केली.

आबांच्या अंगात वारं भरलं. "भागवत, माझा पांढरा सदरा आण," ते म्हणाले. "न्हाई, नको. राहू दे. फुफाटा त्याच्याच अंगावर उडू दे." ते बांधावर जाऊन ऐटीत उभे राहिले. त्यांना एक वाक्य म्हणायचं होतं. इतकी वर्षं ते त्यांनी घशात जपून ठेवलं होतं. मशीन सुरू झालं. फुफाटा उडाला. आबांनी खाकरून घसा साफ केला.

"अमृतराव, बादली..."

आणि मशीनच्या तोंडातून पाणी निघालं. आधी राखाडी लगदा उडाला, मग त्यामागून असा फवारा आला की तो गाडीच्या टपावरून पलीकडे जाऊन पडला. खरं पाणी. लाइटीचं नव्हे, पाइपाचं नव्हे, जमिनीच्या पोटातलं. आबांचं तोंड उघडं होतं ते तसंच राहिलं आणि त्यात थोडा गाळ गेला.

अमृतराव चिखलाने माखलेले, बांध ओलांडून धावत आले. आबांना वाटलं हा आता हसणार. पण त्यांनी येऊन आबांना मिठी मारली.

"रामकिशन, तुझ्यामुळं. सगळं तुझ्यामुळं. आरोही कुठं हाय?"

"आरोही काहून?"

"काहून म्हंजे? नव्या पान्यात पयली कुमारिका लागती, तूच सांगितलं ना? माझ्या घरात कोनी लहान पोरगी न्हाई. तुझ्या पान्याचा मुहूर्त सोमवारचा, माझ्या पान्याचा आत्ताचा. पाय लागल्याबगर पानी टिकायचं न्हाई."

सगळ्या गावासमोर स्वतः सांगितलेली रीत आबांना मोडता येईना. अमृतरावांनी एका हाताला आरोही आणि दुसऱ्या हाताला सृष्टी धरून नेली. पद्माबाईंनी दोघींना कुंकू लावलं आणि फवाऱ्याखाली सोडलं. मग काय विचारता. पाणी उडत होतं, थांबत होतं, मशीनवाल्याने दांडा हलवला की पुन्हा भलतीकडून निघत होतं. दोन्ही पोरी डोक्यापासून पायापर्यंत राखाडी झाल्या. कोणती पुण्याची आणि कोणती पुसेगावची ते ओळखू येईना.

"तुमचं आमच्यापेक्षा मोठंय," सृष्टी किंचाळून म्हणाली.

"म्हनलं होतं ना, पप्पाला माहीत हाय," आरोही ओरडली आणि तिने वळून बांधावरच्या भागवतकडे हात केला. भागवतने हात केला. त्याने काहीच केलं नव्हतं, जे केलं होतं ते मुरुमाखाली होतं, आणि तरी लेकीच्या जगातला पप्पा वाचला होता. त्याला हसावं की रडावं ते समजेना.

तेवढ्यात मागून सुकन्या दोन रिकाम्या बादल्या घेऊन आली. तिचा चेहरा बघूनच भागवत सावरून उभा राहिला.

"पोरींना धुवायला पानी काढायला गेले होते मी. विहिरीचा तळ दिसून राहिला. बेडकं उघड्यावर बसलीत. कालपत्तुर बरं होतं. कुठं गेलं सारं पानी?"

बापलेकांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांनी खळ्याकडे पाहिलं. तिथे मुरूम वाळत होता आणि त्यावर नारळाच्या करवंट्या पडल्या होत्या. पाऊस यायला अजून बरेच दिवस होते आणि नवी हळद लावायची होती.

"मी जातो," भागवत म्हणाला.

"राहू दे," आबा म्हणाले. त्यांनी सुकन्याच्या हातातल्या दोन्ही बादल्या घेतल्या आणि ते बांध उतरून अमृतरावांच्या शेतात शिरले.

अमृतरावांनी त्यांना येताना पाहिलं, त्यांच्या हातातल्या बादल्याही पाहिल्या. आबा थांबले. बादल्यांवरून काय ऐकावं लागेल याची त्यांनी मनाची तयारी केली होती. पण अमृतराव हसले नाहीत. त्यांच्या तोंडावर अगदी भक्तिभाव होता.

"रामकिशन," ते हळू आवाजात म्हणाले, "चप्पल काढून ये. गंगा हाय."

आबांनी तापलेल्या ढेकळांत चपला काढल्या आणि एक बादली पुढे केली.